टाचणात उद्दिष्ट लिहिल्याने वर्गात खरंच काही फरक पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तिसरीचा वर्ग पहिल्यांदाच हातात आलाय, मुख्याध्यापक प्रत्येक तासाचं उद्दिष्ट टाचणात, म्हणजे तासाच्या पूर्वतयारीच्या वहीत, लिहायला सांगतात आणि तुम्हाला हे कागदी घोडे वाटतात.

मी पुण्यात प्राथमिकला शिकवते आणि टाचणं तपासणाऱ्यांपेक्षा लिहिणाऱ्यांच्या बाजूची आहे. तरी सांगते, फरक पडतो. पण 'विद्यार्थ्यांना वजाबाकीचे आकलन होणे' असल्या वाक्याने नाही. ते गेल्या वर्षीच्या वहीतून यंदाच्या वहीत जसंच्या तसं उतरतं. आकलन झालं की नाही, हे घंटा वाजताना कशावरून ओळखणार? त्याऐवजी 'मूल एक दशक सुटा करून वजाबाकी करेल आणि दशकाच्या घरात एक कमी का झाला ते सांगेल' असं लिहिलं, तर बाकांमधून फिरताना ते डोळ्यांना दिसतं.

हातच्याची वजाबाकी दुसरीत होऊन गेलेली असते, तरी तिसरीत पुन्हा करावीच लागते. समजा फळ्यावर ५२ − २७ मांडलं. काही मुलं ३५ लिहितात. गंमत अशी की ३५ दोन वाटांनी येतं. एक मूल दोनातून सात जात नाहीत म्हणून सरळ सातातून दोन काढतं आणि ५ लिहितं. मग पाचातून दोन गेले, तीन. दुसरं मूल हातचा नीट घेतं, बारातून सात काढून ५ लिहितं, पण दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरतं. त्याचंही ३५. वहीत दोन्ही चुका सारख्याच दिसतात, मदत मात्र वेगवेगळी लागते. पहिल्याच्या हातात काड्यांचे गठ्ठे परत द्यायचे, रबर काढून दहा काड्या सुट्या करायला लावायच्या, चार दिवस लागले तरी चालतील. दुसऱ्याला हे सगळं येतंय, फक्त ५ खोडून वर ४ लिहायची सवय लागायची आहे.

आता ५३ − २७ देऊन बघा. उलटी वजाबाकी करणाऱ्याचं ३४ येतं, कमी करायला विसरणाऱ्याचं ३६, बरोबर उत्तर २६. एक अंक बदलला आणि कोण कुठे अडलंय ते उत्तरावरूनच कळलं. पण हा अंक सुचायला, आज नेमकं काय बघायचंय ते आधी मनात पक्कं असावं लागतं. पुस्तकातला उदाहरणसंग्रह ओळीने सोडवून घेताना हे हाती लागत नाही.

उद्दिष्टाचा दुसरा उपयोग म्हणजे काय गाळायचं ते ठरतं. मला तर हाच जास्त मोलाचा वाटतो. नवा वर्ग मिळाला की उत्साह असतो, अप्पा बळवंत चौकातून तक्ते आणि रंगीत कार्डं येतात. मुलं कागदाची फुलपाखरं कापतात, पंखांवर वजाबाक्या लिहितात, भेटीला आलेले साहेबही खूश होतात. आणि अर्धा तास कात्री-डिंकात जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला वजाबाक्या येतात दोन! तो कार्यानुभवाचा तास झाला. कार्यानुभवाशी माझं वाकडं नाही, वेळापत्रकात त्याची जागा वेगळी आहे, इतकंच.

क्षेत्रभेटीचंही तसंच. चौथीला शिवचरित्र असतं म्हणून पुण्यातल्या शाळा लाल महालात जातात. रांगेत आत, रांगेत बाहेर, एक फोटो, मग डबा. त्याच फेरीला 'समोर दिसतंय ते त्या काळचं की नंतरचं, हे मूल कारण देऊन सांगेल' एवढं एक उद्दिष्ट लावा. लाल महालाची आताची वास्तू महानगरपालिकेने १९८०च्या दशकात बांधलेली आहे आणि शायिस्तेखानावरचा छापा १६६३चा. आधी काही न सांगता विचारा, "ही भिंत महाराजांनी पाहिली असेल का?" सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ बाई!" मग विचारा, "कशावरून?" आता कुणी दगड चाचपतं, कुणी तिथल्या काकांना गाठतं. शनिवारवाडा तिथून चालत जाण्याएवढा. त्याची पायाभरणी १७३० सालची, महाराज गेले १६८० साली. तो वाडा त्यांनी पाहिला असेल का, हे मग मुलं तुम्हाला न विचारता आपसांत भांडून ठरवतात.

तुमच्याकडे तिसरी आहे, म्हणजे 'निपुण भारत'बद्दल बैठकांमध्ये ऐकलंच असेल. जुलै २०२१पासून ते अभियान चालू आहे: तिसरीअखेर मुलाला समजून वाचता यावं, मूलभूत आकडेमोड यावी. वर्षाचं लक्ष्य म्हणून उत्तम. पण मंगळवारच्या तिसऱ्या तासाला ते पेलत नाही, तिथे लहान तुकडाच लागतो.

गोष्ट वाचून दाखवता त्या वेळेला मात्र उद्दिष्ट-बिद्दिष्ट काही लावू नका. गोष्ट संपल्या संपल्या 'यातून काय बोध घेतला?' विचारलं की पुढच्या वेळी निम्मी मुलं खिडकीबाहेर बघतात.

आता टाचणाचं. तासाला एकच ओळ लिहा, तिच्यात 'सांगेल', 'ओळखेल', 'करून दाखवेल' असलं दिसणारं क्रियापद ठेवा, आणि खाली शेवटच्या पाच मिनिटांत द्यायचा एकच प्रश्न. उत्तरं अर्ध्या कागदावर घ्या आणि मधल्या सुट्टीत चहा पिता पिता ३४वाले, ३६वाले असे ढीग लावा. मुख्याध्यापकांना 'आकलन होणे' हवंच असेल तर तेही वरच्या रकान्यात लिहून टाका, वाद घालत बसू नका. त्यांची सही त्यावर होईल, तुम्ही खालची ओळ घेऊन वर्गावर जा.