वाचकांचे प्रश्न : चुंबकत्व इंटरफेसचे की चिमट्याचे?

प्रश्न : कॅल्शियम मँगनाइट आणि कॅल्शियम रुथेनेट, ही दोन्ही ऑक्साइडे लोहचुंबकी (लोखंडासारखी चुंबक होणारी) नाहीत. तरी एकावर एक वाढवलेले थर स्क्विडमध्ये (अतिसूक्ष्म चुंबकत्व मोजणाऱ्या उपकरणात) हिस्टेरिसिस लूप (चुंबकी क्षेत्र काढल्यावरही चुंबकत्व उरते, याची खूण) दाखवतात, अगदी 300 केल्व्हिनलाही. हे इंटरफेसचेच, म्हणजे दोन थरांच्या सीमेचेच, चुंबकत्व का?

उत्तर : 300 केल्व्हिन म्हणता, तिथेच शंका येते. या जोडीत रुथेनेटमधले थोडे इलेक्ट्रॉन मँगनाइटच्या अगदी पहिल्या अणुथरात झिरपतात. शेजारच्या मँगनीजचे स्पिन (अणूंमधली सूक्ष्म चुंबके) समांतर असले, तरच त्यांना इकडून तिकडे सहज जाता येते. म्हणून तेवढ्या पट्ट्यातले स्पिन समांतर होऊ लागतात. हाच डबल एक्स्चेंज. 2001 मध्ये हा परिणाम दाखवला गेला, तेव्हा क्युरी तापमान (ज्याच्या वर लोहचुंबकत्व नाहीसे होते) 95 केल्व्हिनच्या आसपास होते.

आता हिशेब करा. नमुना 5 × 5 मिलिमीटर, एकक पेशीची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्याची) बाजू 0.38 नॅनोमीटर, दर पेशीला एक बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचे एकक) धरला, तर एका इंटरफेसचे एकूण चुंबकी आघूर्ण (चुंबकाची ताकद) सुमारे 1.6 × 10⁻⁶ इएमयू. एवढ्याला 7 नॅनोग्रॅम लोखंड पुरते, म्हणजे जेमतेम 10 मायक्रॉन बाजूचा कण! स्टीलच्या चिमट्याने कड धरली की तेवढे सहज लागते, आणि लोखंडाचा लूप 300 केल्व्हिनला मावळत नाही.

चिमटा प्लॅस्टिकचा किंवा टायटॅनियमचा घ्या. एक कोरा सब्स्ट्रेट (ज्यावर थर वाढवतात तो तुकडा) त्याच होल्डरवर, त्याच सिल्व्हर पेस्टने चिकटवून तितकाच तापवा आणि थर न चढवता मोजा. त्यातही लूप आला तर प्रश्न मिटला.

नाही आला, तर मँगनाइटची जाडी दुप्पट करा. इंटरफेसचा संकेत वाढायला नको. इंटरफेसची संख्या दुप्पट केली तर मात्र वाढायला हवा. जाडीबरोबरच वाढला, तर वाढवताना ऑक्सिजन कमी पडला असण्याची शक्यता मोठी : ऑक्सिजनच्या रिक्त जागांमुळे सुटलेले इलेक्ट्रॉन थराच्या आतही कमजोर चुंबकत्व आणतात. रुथेनेट फार पातळ करू नका, त्याची धातूसारखी वाहकता गेली की इलेक्ट्रॉन झिरपणेही थांबते.

प्रश्न : लॅन्थॅनम ॲल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या जोडीतल्या चुंबकत्वाबद्दल निकाल जुळत का नाहीत?

उत्तर : 2007 मध्ये 0.3 केल्व्हिनला तिच्या विद्युत रोधात हिस्टेरिसिस दिसला. 2011 मध्ये स्कॅनिंग स्क्विडने सुटेसुटे चुंबकी ठिपके दाखवले. ठिपके विरळ असले की सरासरी मोजणाऱ्या उपकरणाच्या हाती फारसे लागत नाही. शिवाय वाढीच्या वेळचा ऑक्सिजन दाब बदलला की नमुनाच बदलतो, त्यामुळे दाब न सांगणाऱ्या तुलनेला फारसा अर्थ नाही.