पोलंडचा मिस्लोविट्स हा बँड कसा आहे? सुरुवात कोणत्या अल्बमपासून करू?

सरळ 1999 चा ‘मिवोश्च व चासाख पॉपकुल्तुरी’ लावा. हा बँड तुमच्यासाठी आहे की नाही, ते त्यातच कळेल. बरीच वर्षं त्यांचे अल्बम क्रमाने ऐकत आलोय, त्यावरून सांगतो. कातोवित्सेजवळच्या मिस्लोवित्से या कोळसा खाणींच्या गावात 1992 मध्ये हा बँड जमला आणि पुढे नावही गावावरूनच घेतलं. 1995 च्या पहिल्या अल्बमवर ब्रिटिश गिटार बँडची छाप उघड दिसते. 1999 पर्यंत मात्र चाल स्वतःची झाली होती: गिटारींचे थर एकमेकांत मिसळलेले, आणि त्यावर आर्तुर रोयेकचा उंच, किंचित थरथरता आवाज. ‘द्वुगोश्च जव्येंकू सामोत्नोश्ची’ (एकटेपणाच्या आवाजाची लांबी) हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं याच अल्बममधलं. तिथल्या एकटेपणात रडगाणं नाही, म्हणून ते अजून टिकलंय.

पुढचा क्रम माझ्या मते असा:
- ‘कोरोवा मिल्की बार’ (2002): जास्त संथ, जास्त काळोखी. 2003 ची इंग्रजी आवृत्तीही आहे, पण पोलिशच ऐका. इंग्रजीत रोयेक अवघडल्यासारखा वाटतो.
- ‘स्कालारी, म्येचिकी, नेओन्की’ (2004): बहुतांश सुचेल तसं वाजवलेलं, गाणी कमीच. हा शेवटी.

एक लक्षात ठेवा, हे सगळं रोयेकच्या काळाबद्दल आहे. 2012 मध्ये तो बाहेर पडला. 2013 च्या ‘1.577’ वर मिखाउ कोवालोनेक गातो. अल्बम वाईट नाही, पण वेगळाच बँड ऐकल्यासारखं वाटतं.