राणीच्या बागेत वाघ दिसलाच नाही, पुन्हा जाण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. सुट्टीत नाशिकहून मुंबईला आलात, पाच वर्षांच्या मुलाला आणि आईंना घेऊन रविवारी दुपारी राणीच्या बागेत गेलात. पिंजरे मोठे झालेत, सगळं चकाचक आहे, पण वाघ दिसला नाही, अस्वलाचाही पत्ता नाही. मुलगा हिरमुसला. "पूर्वी निदान प्राणी दिसायचे तरी," असं तुम्ही लिहिलंय आणि विचारलंय की पुन्हा जावं का, की आता फक्त पेंग्विनपुरतंच उरलंय.

जा. नक्की जा. पण रविवारी दुपारी नको.

मी माझगावची. भायखळ्याची ही बाग आमच्या घरापासून चालत अंतरावर, त्यामुळे लहानपणापासूनची. महिन्यातून दोनदा तरी सकाळी चक्कर होते, पूर्वी मुलीला घेऊन, आता भाच्याला. नवे पिंजरे बांधून होताना पत्र्याच्या कुंपणाआडून डोकावून पाहिलेत आणि ते उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात गर्दीत धक्के खाल्लेत. तुमच्या मुलासारखीच हिरमुसून मीही घरी आले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

"पूर्वी दिसायचे" हे खरंच आहे. पण का दिसायचे? चौथीत असताना शाळेची सहल एका शहरातल्या प्राणिसंग्रहालयात गेली होती. नाव सांगत नाही, आता तिथेही सगळं बदललं असेल. गजांच्या पिंजऱ्यात एक अस्वल होतं. खाली सिमेंटची फरशी, कोपऱ्यात पाण्याची टाकी. ते चार पावलं पुढे यायचं, मान डावीकडे झटकायचं, वळायचं, चार पावलं मागे जायचं, पुन्हा मान झटकायचं. आम्ही पोरं टाळ्या पिटत होतो, आम्हाला वाटलं ते नाचतंय. आमच्या बाईंनी आम्हाला तिथून पुढे नेलं आणि त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की अरुंद जागेत कोंडलेली जनावरं अशीच एकच हालचाल दिवसभर करत राहतात. ते अस्वल दिसत होतं, कारण त्याला दिसण्यावाचून दुसरा उपाय नव्हता.

आता नव्या पिंजऱ्यात काय असतं ते बघा. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ साली स्थापन झालं आणि कोणत्या प्राण्याला किती जागा द्यायची हे नियमात आलं. वाघाच्या जोडीला मोकळी जागा किमान १००० चौरस मीटर लागते. शिवाय मागच्या बाजूला रात्री बंद करायच्या खोल्या वेगळ्या. माती, गवत, झाडं, डुंबायला पाणी आणि लोकांच्या नजरेआड जाता येईल असा आडोसा हे सगळं मुद्दाम ठेवलेलं असतं. म्हणजे तुम्हाला वाघ दिसला नाही, तेव्हा पिंजरा रिकामा नव्हता. वाघ आडोशाला झोपला होता. वाघ तसाही दिवसाचा बराचसा वेळ झोपूनच काढतो, मग तो ताडोबातला असो नाहीतर भायखळ्यातला. रविवारी दुपारी काचेवर दोनशे माणसं ओरडत असताना तो पुढे का येईल?

या बागेत बरीच वर्षं वाघच नव्हता. २०२० च्या फेब्रुवारीत सिद्धार्थ उद्यानातून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादहून, शक्ती आणि करिश्मा ही जोडी आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांना मुलगी झाली, तिचं नाव वीरा ठेवलं. गिरणगावातल्या, भायखळ्यातल्या कितीतरी मुलांनी आयुष्यातला पहिला वाघ त्यानंतर पाहिला. माझा भाचाही त्यातलाच.

त्याला पहिल्यांदा नेलं तेव्हा तोही "मावशी, कुठाय? मावशी, कुठाय?" करून थकला. मी त्याला काचेसमोर खाली बसवलं आणि सांगितलं, आपण आज फक्त वाघच बघायचा, दुसरं काही नाही. अर्धा तास झाला. लोक येत होते, "अरे काहीच नाहीये" म्हणत पुढे जात होते. मग गवत हललं. आधी फक्त कान दिसला, काळा, मागच्या बाजूला मधोमध पांढरा ठिपका असलेला. तो पांढरा ठिपका आम्ही दोघांनीही त्याआधी कधी पाहिला नव्हता. मग वाघीण उठली, अंग ताणलं, सरळ पाण्यात जाऊन बसली, तीही उलटी, आधी मागचे पाय पाण्यात घालून. वाघ असाच पाण्यात शिरतो, चेहऱ्याला पाणी लागलेलं त्याला फारसं आवडत नाही. नंतर ओल्या अंगाने चालत काचेपाशी आली. पंजाचा ओला ठसा फरशीच्या कडेवर उमटला आणि आमच्या डोळ्यांदेखत वाळून गेला. भाच्याने आवाजसुद्धा काढला नाही. घरी येऊन त्याने वाघाचं चित्र काढलं त्यात कानामागचा ठिपका होता.

गजांच्या काळात हे कधी झालं नसतं. गजांमधून वाघाचे तुकडे दिसायचे, काचेतून अख्खा दिसतो, तोही हातभर अंतरावरून. मात्र काचेवर थापा मारणाऱ्यांना कृपा करून थांबवा. आपल्याला तो साधा टकटक आवाज वाटतो, आत तो केवढ्याने घुमत असेल. मी तर अनोळखी माणसांनाही सांगते. काही जण रागावतात, रागावू देत.

आता पेंग्विन. यावर मुंबईत इतकं भांडण झालंय की माझं मत आधीच सांगून टाकते. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, आणू नका. २०१६ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातून आठ आणले, त्यातला एक ऑक्टोबरमध्ये दगावला. तेव्हा मी फार चिडले होते. मार्च २०१७ मध्ये दालन लोकांसाठी उघडलं आणि त्याच वर्षी तिकीट मोठ्यांना ५ रुपयांवरून ५० झालं, तेव्हा तर अजूनच. हातावर पोट असलेल्या माणसाला पोरांना फिरवायची ही एकच स्वस्त जागा होती. चौघांच्या कुटुंबाला मिळून १०० रुपये ठेवले, म्हणून निदान दार बंद झालं नाही.

पण ते पक्षी आता इथे आहेत आणि त्यांना चांगलं जगता येतंय की नाही हे बघायला मी जात राहिले. लोकांना वाटतं पेंग्विन म्हणजे बर्फ. हे हम्बोल्ट जातीचे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे बर्फ नसतो, उलट वाळवंटाला लागून समुद्र आहे. फक्त त्या किनाऱ्याने थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्याची यांना सवय. म्हणून दालनात १६ ते १८ अंशांची थंडी राखतात. बाहेर घामाच्या धारा आणि आत गेल्यावर अंगावर काटा, मुलांना आधी त्याचीच मजा वाटते. आईंना शाल घेऊन जायला सांगा.

आत गेल्यावर पाण्यात सुळकन जाणाऱ्या पेंग्विनकडे सगळे बघतात. तुम्ही खडकाकडे बघा. एकदा मी एका पेंग्विनला चोचीत खडा धरून नेताना पाहिलं. सुपारीएवढा खडा. तो दोन पावलं चालला, खडा पडला, पुन्हा उचलला, पुन्हा पडला. शेवटी तो घरट्यापाशी पोचला, खडा जोडीदारापुढे ठेवला, जोडीदाराने तो जरासा सरकवला, आणि हा दुसरा खडा आणायला निघाला. अंडं दोघं मिळून आळीपाळीने उबवतात, साधारण चाळीस दिवस. १५ ऑगस्ट २०१८ ला इथे पिल्लू जन्मलं, भारतात जन्मलेलं पेंग्विनचं ते पहिलं पिल्लू. आठवडाभरच जगलं. नंतरच्या वर्षांत मात्र पिल्लं झाली आणि मोठी झाली. तुम्ही जाल तेव्हा पंखांवरच्या रंगीत पट्ट्या बघा, त्यांवरून कोण कोणता ते सांभाळणाऱ्यांना ओळखता येतं.

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र पक्ष्यांचा मोठा पिंजरा आहे. २०२० च्या सुरुवातीला उघडला. अठरा हजार चौरस फुटांच्या आसपास जागा, उंची पाच मजली इमारतीएवढी, आणि आपण स्वतःच त्या पिंजऱ्याच्या आत चालायचं. एक दार मागे लागल्यावरच दुसरं उघडतात, पक्षी बाहेर निसटू नयेत म्हणून. आत पाणी आहे, पूल आहे, झाडं आहेत. बगळे, करकोचे डोक्यावरून जातात तेव्हा पंखांचा आवाज ऐकू येतो, जुना लुगड्याचा पदर झटकावा तसा. तिथे घाई करू नका. वर बघत चालल्याने पाय अडखळतो, म्हणून आईंचा हात धरा.

मगरींच्या तळ्यालाही जा. वरून बघायला उंच जागा आहे आणि खाली काचेतून पाण्याच्या आतलं दिसतं. वरून पाहिलं तर मगर म्हणजे तरंगणारं लाकूड. खालून तिचे चारही पाय पाण्यात सैल सोडलेले दिसतात आणि एवढं जड जनावर काहीही न हलवता तिथल्या तिथे राहतं, हे बघून मी थक्क झाले. मुलाला मगर आणि सुसर यांतला फरक दाखवा: मगरीचं तोंड रुंद, सुसरीचं लांब आणि चिमट्यासारखं निमुळतं. मोठ्या नर सुसरीच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा उंचवटा येतो, हिंदीतलं घडियाल हे नाव त्यावरूनच पडलं.

एवढं सगळं प्राण्यांबद्दल झालं, पण ही बाग मुळात झाडांची. १८६२ साली उघडली ती बाग म्हणूनच, व्हिक्टोरिया राणीच्या नावाने. कागदोपत्री नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं तरी लोकांच्या तोंडात राणीची बागच राहिली. प्राणी नंतर आले. मागे एक मोठा परदेशी धर्तीचा आराखडा आला होता, तेव्हा जुनी झाडं जातील या भीतीने मुंबईतल्या सामान्य लोकांनी, त्यातही बायकांनी पुढे होऊन, झाडं मोजली, नोंदी केल्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यानंतर तो आराखडा मागे पडला आणि बरीच आटोपशीर कामं झाली. आज पेंग्विनच्या रांगेत उभं असताना डोक्यावर जी सावली असते ती त्या लोकांमुळे टिकली आहे. नवा पिंजरा पाच वर्षांत बांधता येतो, पण इथल्या गोरखचिंचेसारखं जाडजूड खोड उभं राहायला पिढ्या जातात. थंडी सरताना गेलात तर उर्वशीच्या झाडाला झुंबरासारखे लाल फुलांचे झुबके लोंबत असतात, ते अजिबात चुकवू नका. कैलासपतीही आहे, त्याची फुलं थेट खोडातूनच फुटतात.

आईंच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंत. बाग बहुतेक सपाट आहे, झाडांखाली बसायला बाकं आहेत. त्यांना सगळं फिरवायचा हट्ट धरू नका. प्रवेशद्वाराच्या बाजूलाच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याचं तिकीट वेगळं. तिथे बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरीचा. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच. १८६४ मध्ये तुकड्यांच्या रूपात इथे आणला आणि १९१४ च्या सुमाराला जोडून उभा केला. काळा घोडा या नावाच्या मागचा खराखुरा काळा घोडाही, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, १९६५ पासून इथेच आहे. माझ्या आईला वाघापेक्षा या दोघांपाशी जास्त वेळ लागला होता.

जायचं ते भायखळा स्टेशनला पूर्वेकडे उतरून, मंगळवारी किंवा गुरुवारी. सकाळी साडेनऊला दार उघडतं तेव्हाच आत शिरा. पेंग्विनची रांग तेव्हा नसते, तरीही आधी वाघाकडे जा. उन्हं चढायच्या आत प्राणी हालचाल करतात. मुलाला आधीच सांगून ठेवा की आज तीनच प्राणी बघायचे आणि ते तीन कोणते हे त्याने ठरवायचं. पाण्याची बाटली घ्या, खाऊ बॅगेतच राहू दे. माकडांना शेंगदाणे टाकणारे आजोबा भेटले तर त्यांना नम्रपणे नको म्हणा.

बुधवारी मात्र बाग बंद असते, आणि शेजारचं संग्रहालयही. आठवड्यातला तो एक दिवस प्राण्यांना माणसांपासून सुट्टी मिळते, त्या दिवशी साफसफाई आणि दुरुस्तीही होते. बुधवारी सरकारी सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद, तेवढं निघण्याआधी बघून घ्या.