आधी दाखल्यावर नाव चढवा ताई, मग निवांत बोरन्हाण करा

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: दहा महिन्यांच्या मुलाचं पहिलं बोरन्हाण कसं करायचं, जावळ वाढदिवसाआधी काढायचं की नंतर, आणि एवढ्या लहान बाळाला गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, न्यावं का. तिन्हीचं उत्तर खाली देते. पण माझी नजर अडकली तुमच्या शेवटच्या ओळीवर. बाळंतपण माहेरी बार्शीला झालं, जन्मदाखल्यावर अजून नाव घातलेलं नाही, वाढदिवसाची गडबड संपली की बघू, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या घरीसुद्धा हेच ठरलं होतं, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

वाढदिवसानंतर नको. त्याआधी जाऊन या, जमलं तर संक्रांतीच्याही आधी.

दवाखाना जन्माची नोंद कळवतो तेव्हा बारसं झालेलं नसतं, त्यामुळे नावाचा रकाना कोरा राहतो. नोंदणीच्या तारखेपासून 12 महिन्यांत आईवडिलांनी नाव कळवलं तर ते फुकट चढतं. त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून चढवता येतं. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, आणि घात तिथेच होतो. शिवाय हे काम बाळ जिथे जन्मलं तिथल्याच निबंधकाकडे, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणी अधिकाऱ्याकडे, होतं. तुम्ही जुळे सोलापुरात राहता म्हणून सोलापूरची महापालिका बार्शीतल्या नोंदीत नाव घालू शकत नाही.

आमचा मुलगा आता तिसरीत आहे. माझं माहेर इथून बरंच लांब. गावाचं आणि कार्यालयाचं नाव लिहीत नाही. बाळ दीड महिन्याचं असताना माझे वडील नाव घालायला गेले होते. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, "घाई काय आजोबा, 15 वर्षं मुदत आहे, सावकाश या." सरकारी माणूस सांगतोय म्हटल्यावर वडील निर्धास्त परत आले. वर्ष उलटल्यावर आम्ही गेलो तर त्याच खिडकीवर उत्तर मिळालं, "मुदतीत का नाही आलात?"

तिथून जे सुरू झालं ते आठवलं की आजही डोकं तापतं. जन्मनोंदीचं काम बघणारा माणूस ठरावीक वारीच येणार. तो आला तर साहेब सभेला. साहेब असले तर सर्व्हर बंद. आमचे हे रेल्वेत, रजेचा भरवसा नाही, म्हणून मीच मुलाला कडेवर घेऊन एसटीने जायची. तिथे बसायला बाक नाही, बाळाला पाजायला आडोसा नाही, आणि दुपारी जेवणाची सुट्टी म्हणून खिडकी बंद.

शेवटी एकदाची नोंदवही काढली. लांबरुंद, कडा मळलेली, शिवण सुटलेली. त्यांनी आमच्या ओळीवर बोट ठेवलं. मुलाच्या नावाचा रकाना कोरा, ते अपेक्षितच होतं. पण आईच्या नावाच्या रकान्यात माझं माहेरचं नाव होतं, आणि तेही एक अक्षर चुकवून. लग्नात माझं नाव बदललेलं, दवाखान्यात फाइल मात्र जुन्या ओळखपत्रावरून केलेली. ते बोट तसंच ठेवून मला विचारलं, "ही बाई तुम्हीच कशावरून?" ज्याची नोंद होती तो माझ्या कडेवर बसून माझं मंगळसूत्र ओढत होता.

मग कागदांची रांग लागली. आधी प्रतिज्ञापत्र. ते नेलं तर लग्नाचा दाखला. तो नेला तर नाव बदलल्याचं राजपत्र. दर खेपेला नवा एकच कागद सांगायचे, पूर्ण यादी कधीच नाही आणि लेखी तर काहीच नाही. आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते हेच. शुल्क किरकोळ होतं. नुसत्या तोंडी नकारांत आमचं जवळजवळ एक वर्ष गेलं. लेखी नकार हातात असता तर वर दाद मागता आली असती.

सुटका कशी झाली तेही सांगते. ओळखीतल्या एका निवृत्त ग्रामसेवकांनी जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 चं कलम 15 दाखवलं. नोंदीत चूक आहे अशी खात्री पटली तर निबंधक स्वतः ती दुरुस्त करू शकतो. मूळ नोंद खोडायची नाही, समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख टाकायची. त्या कलमाचा उल्लेख करून दोन प्रतींत अर्ज लिहिला, सगळे कागद जोडले आणि आवक शिक्का मारून घेतला. तोवर नवे अधिकारी आले होते. त्यांनी वही मागवली, माझं आधार आणि लग्नाचा दाखला पाहिला, आणि माझ्यासमोर समासात दुरुस्ती लिहून मुलाचं नावही चढवलं. वेळ लागला असेल चहा थंड होईपर्यंतचा. माझ्या म्हाताऱ्या वडिलांना आणि तान्ह्या बाळाला इतके महिने कशासाठी पळवलं, याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

त्यात आणखी एक गुंता होता. दाखला अडकलेला असताना मुलाचं आधार निघालं होतं. नाव वेदांतसारखं, शेवटी 'त' असलेलं. आपल्या सोलापुरात कन्नड-तेलुगू शेजारामुळे इंग्रजीत 'त'साठी टी-एच लिहायची सवय बऱ्याच जणांना आहे. आधारवर टी-एच आलं आणि दाखल्यावर नुसता टी. शाळेने अर्थातच विचारलं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यातली नावाची एक संधी पहिलीच्या आधीच संपली. म्हणून इंग्रजी स्पेलिंग घरात आजच ठरवा, कागदावर लिहा आणि आजी-आजोबा, मामा, आत्या सगळ्यांना तेच पाठवा.

तुमच्या बाळासाठी हा दाखला आमच्यापेक्षाही महत्त्वाचा आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो: शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार, वाहन परवाना, मतदारयादी, सगळीकडे. शिवाय महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव शाळेच्या कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं ठरलंय. आईचं नाव मुलाच्या नावातच आलं, म्हणजे तुमचं नाव नोंदीत कसं पडलंय ते आताच पाहायला हवं. तुमचंही नाव लग्नात बदललं असेल तर दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड काढून बघा, त्यावर जे आहे तेच बहुधा नोंदीत गेलेलं असतं.

मी वकील नाही, आणि कागदांची यादी कार्यालयागणिक थोडी बदलते, त्यामुळे जायच्या आधी बार्शीला फोन करून विचाराच. बार्शीचा मला काही अनुभव नाही, कदाचित तुमचं काम एका फेरीतही होईल. तरी माझं ठाम मत असं की तोंडी बोलण्यावर परत यायचं नाही. अर्ज दोन प्रतींत, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का. घेत नसतील तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 चं नाव घ्या. अधिसूचित सेवा ठरावीक दिवसांत द्यावी लागते, नाही दिली तर अपील करता येतं, आणि 'आपले सरकार' वर ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे. बाहेर उभ्या असलेल्या एजंटला पैसे देऊ नका. त्याला स्पेलिंगशी काही देणंघेणं नसतं, निस्तरायचं तुम्हालाच. दाखला हातात पडला की तिथेच, खिडकी न सोडता, दोघांनी एकेक अक्षर वाचा, मराठीतलंही आणि इंग्रजीतलंही. जन्मतारीख, तुमचं नाव, मिस्टरांचं नाव, पत्ता. आणि प्रती जास्तीच्या घ्या.

जमलं तर मिस्टरांना सोबत न्या. एकट्या बाईला हे लोक जास्त फिरवतात, हा माझा अनुभव आहे. तो खोटा ठरला तर मला आनंदच होईल.

आता बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करा, संक्रांतीच्याच दिवशी नको. त्या दिवशी घरात शेंगापोळ्या, वाण, पाहुणे, आणि सगळं शहर गड्ड्याच्या गर्दीत. दुपारी बाळाची झोप झाली की चार-साडेचारला बसवा. काळं झबलं सुती घ्या. हलव्याचे दागिने नवी पेठेत तयार मिळतात, पण हलवा काटेरी असतो, मानेला आणि दंडाला टोचतो. झबल्याच्या वरूनच घाला, फोटो झाले की लगेच काढा, नाहीतर मुकुटाचा हलवा तोंडात गेलाच म्हणून समजा.

दहा महिन्यांच्या बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाच्या गंडेऱ्या, शेंगा, रेवड्या ओतू नका, हे मी सगळ्यांनाच सांगते. घरातल्या मोठ्या बायका रागावल्या तरी चालेल. शेंगदाणा, हरभरा, रेवडी, बोराची बी, यातलं काहीही एवढ्या बाळाच्या घशात अडकू शकतं, आणि या वयात जे हाताला लागतं ते थेट तोंडात जातं. बाळाच्या अंगावर नुसत्या फुलांच्या पाकळ्या आणि मूठभर चुरमुरे टाका, लगेच उचलून घ्या. बाकीचं ताटात ठेवून नंतर मोठ्या मुलांवर उधळा, लुटायला त्यांनाच मजा येते. हल्ली चॉकलेटं आणि प्लॅस्टिकची खेळणी ओततात, मला ते पटत नाही. हंगामातला मेवा पोरांनी वेचून खावा म्हणून तर हा सण.

जावळाचं ज्या त्या घरच्या रीतीप्रमाणे. आमच्याकडे तुळजापूरला, मामाच्या मांडीवर बसवून काढलं. तुमच्यात पहिल्या वर्षातच काढत असतील तर थंडी कमी झाल्यावर काढा, जानेवारीत बोडकं डोकं सकाळच्या वाऱ्याला गारठतं. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. पातं नवीन उघडायला लावा, तुमच्यासमोर.

गड्ड्याला नक्की न्या, पण वेळ निवडून. आमच्या मुलाला पहिल्याच वर्षी पांढरी बाराबंदी (यात्रेतला पारंपरिक अंगरखा) शिवली होती, आणि बाळीवेशीजवळ नातेवाइकांच्या गच्चीवरून त्याने सातही नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या) जाताना बघितले. खाली 'हर्र बोला हर्र' सुरू झालं की तोही हात वर करायचा. अक्षता सोहळ्याला (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला) सम्मती कट्ट्याजवळच्या गर्दीत तान्हं बाळ नको, गच्ची किंवा खिडकी असेल तरच. शोभेच्या दारूकामाला तर अजिबात नेऊ नका, आवाज आणि धूर दोन्ही वाईट. होम मैदानावर दुकानं, पाळणे बघायला सकाळी जा, तेव्हा धूळ आणि गर्दी कमी असते. बाराबंदी शिवायची असेल तर शिंप्याकडे आत्ताच टाका, यात्रा जवळ आली की ते घेत नाहीत. आणि माप जरा सैल द्या, आत स्वेटर घालावा लागतो.

अर्जाचा मजकूर कसा लिहायचा ते हवं असेल तर सांगा, माझ्याकडे त्याची प्रत आहे. नावं काढून इथे टाकते.