डच लोक येताजाता ‘लेकर’ म्हणतात. नेमका अर्थ काय?

तुम्ही लिहिलंय की नेदरलँड्सला येऊन महिना झाला, शब्दकोशात ‘लेकर’ म्हणजे ‘चविष्ट’ असं सापडलं, पण ऑफिसात लोक हवेलाही लेकर म्हणतात आणि झोपेलाही. शब्दकोश चुकीचा नाही, अपुरा आहे. (माझ्या आईला तर फोनवर मागून सारखं ‘लेकर, लेकर’ ऐकून वाटायचं की शेजाऱ्यांचं लेकरू हरवलंय.)

मी आइंडहोव्हनला सात वर्षं आहे. माझ्यापुरता हिशोब असा: जे जिवाला सुखावतं ते सगळं लेकर. जेवण लेकर, ऊन लेकर, सायकलवरून मारलेली रपेट लेकर. रात्री निरोप घेताना ‘स्लाप लेकर’, म्हणजे छान झोप. काम झपाट्यानं उरकत असेल तर ‘लेकर बेझिख’. इथपर्यंत आपलं ‘मस्त’ बिनधास्त चालतं.

पुढे ‘मस्त’ लंगडं पडतं. ‘इक फुल मे नीट लेकर’ म्हणजे मला बरं वाटत नाहीये; एवढं कळवून माणूस रजा टाकतो. हेच ‘नीट लेकर’ दुसऱ्याला उद्देशून, तेही प्रश्न म्हणून विचारलं, की ‘डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?’ स्टेशनवर पोहोचलात आणि फलकावर गाडी रद्द दिसली, की शेजारचा माणूस सुस्कारा टाकून म्हणेल, ‘लेकर दान!’ आपण म्हणतो ना, ‘झालं! घ्या आता!’, अगदी तसं. कुणी फालतू गोष्टीचा बाऊ केला की ‘लेकर बेलांगराइक’, म्हणजे मोठं आलंय महत्त्वाचं! आणि माझं सगळ्यात लाडकं: पोरं जीभ काढून एकमेकांना ‘लेकर पुह!’ म्हणतात. त्याला मराठीत ‘टुकटुक’ सोडून दुसरा शब्द नाही.

मुळात हा शब्द ‘लिकन’, म्हणजे चाटणे, या क्रियापदाच्या कुळातला. संस्कृतातला ‘लिह्’ धातू त्याचाच दूरचा भाऊ. म्हणजे आपला च्यवनप्राश, जो अवलेह आहे, तोही लांबून लेकरच्या नात्यात. चवीचं म्हणाल तर ज्यानं त्यानं ठरवावं.

बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात गेलात तर हात जरा आखडता घ्या. तिकडे हा शब्द बहुतेक जेवणाखाण्यापुरताच राहतो आणि झोपताना ‘स्लापवेल’ म्हणतात.

आता खरा धोका. माणसाला लेकर म्हणू नका. पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या सत्तरीच्या आजींनी सफरचंदाचा केक आणून दिला. मला म्हणायचं होतं, तुम्ही किती चांगल्या आहात. त्यासाठी ‘आर्दिख’ हा साधा शब्द होता. मी दारात उभं राहून, आदरार्थी ‘उ’ वापरून, म्हटलं: ‘उ बेंट लेकर!’ माणसाबद्दल वापरला की याचा अर्थ ‘कसला माल आहे’ याच्या जवळपास जातो. आजी चौकटीला धरून हसल्या, मग आतून नवऱ्याला बोलावलं आणि मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. ते आजोबा अजूनही लिफ्टमध्ये भेटले की मला विचारतात, माझी बायको अजून लेकर आहे ना?