लिंकनचा मारेकरी बूथ खरंच नाव बदलून जगला होता का? हे तपासायचं कसं?

नाही. २६ एप्रिल १८६५ ला व्हर्जिनियातल्या गॅरेटच्या तंबाखूच्या कोठारात मारला गेला तो जॉन विल्क्स बूथच होता.

मृतदेह 'माँटॉक' या युद्धनौकेवर तपासला गेला. हातावर आद्याक्षरं गोंदलेली होती आणि डाव्या पायाचं हाड मोडलेलं होतं. माझ्या मते सगळ्यात भक्कम खूण मानेवरची. डॉ. मे यांनी बूथच्या मानेवरची गाठ काढली होती, ती जखम उसवून बेढब व्रण राहिला होता, आणि तो त्यांनी स्वतः ओळखला.

'जगला' ही कथा डेव्हिड जॉर्ज या माणसावर उभी आहे. १९०३ मध्ये ओक्लाहोमातल्या एनिड गावी त्याने विष घेतलं. फिनिस बेट्स या वकिलाने त्याला बूथ ठरवलं आणि पुढे त्याची ममी पैसे घेऊन जत्रांतून दाखवली गेली. एवढ्यावरूनच सावध व्हावं.

डीएनएने निकाल लावायचा तर थडग्यापेक्षा मणके बरे. शवविच्छेदनात काढलेले मानेचे तीन मणके अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय संग्रहालयात आहेत. तुलनेला सख्खा भाऊ एडविन, म्हणजे आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए जुळायला हवा. जुन्या हाडात तोच जास्त टिकतो. अडचण अशी, की नमुन्यासाठी हाडाचा थोडा भाग नष्ट करावा लागतो, म्हणून संग्रहालयाने नकार दिला. बाल्टिमोरच्या ग्रीन माउंट दफनभूमीत उत्खनन करायलाही १९९५ मध्ये न्यायालयाने परवानगी नाकारली: कबरीची नेमकी जागाच खात्रीची नव्हती.