“हुशार आहे ना ती, ताई!”

“पाचवीपर्यंत भिंग घेऊन मुंग्यांच्या मागे फिरायची, आता विज्ञानाचं नाव काढू देत नाही.” मुलींचे आईवडील ही काळजी माझ्याकडे वारंवार घेऊन येतात. गुण बहुतेक वेळा चांगलेच असतात.

सहावीतली अशीच एक मुलगी ‘बोअर होतं’ यापलीकडे काही सांगेना. मी विज्ञानाचा विषयच सोडला, आवडतं पुस्तक घेऊन ये म्हटलं. मुलांच्या टोळीची रहस्यकथा होती. टोळीत एक चष्मेवाली ‘सायंटिस्ट’.

“ही काय करते गं?”

“उत्तर सांगते. मग मुलं भुयारात जातात.”

“आणि ही?”

“बाहेर थांबते.”

“हिची मैत्रीण कोण?”

“कोणी नाही.” मग, एवढं साधं मला कसं कळत नाही अशा सुरात, “हुशार आहे ना ती, ताई!”

विज्ञान तिला अजूनही आवडत होतं. त्यासाठी मैत्रिणी सोडाव्या लागतात, असं मात्र तिनं मनाशी धरलं होतं. मूल आधी स्वतःची गोष्ट ठरवतं आणि मग तसं वागू लागतं, हे मी वर्षानुवर्षं मानत आले आहे. इथे ते लख्ख दिसलं.

मी तिला भुयाराचं प्रकरण नव्यानं लिहायला सांगितलं. तिची सायंटिस्ट मैत्रिणीला घेऊन आत शिरली. टॉर्चमध्ये सेल उलटे घातले, दोघी खूप हसल्या, मग सरळ घातले. हुशार मुलीला चुकू दिलं, तिथेच गाठ सुटली.

अमेरिकेतला 2017 सालचा एक अभ्यास मी पालकांना आवर्जून सांगते. ‘खूप खूप हुशार’ मुलामुलींचा म्हणून सांगितलेल्या खेळात सहा-सात वर्षांच्या मुलींनी मुलांपेक्षा कमी रस दाखवला. ‘खूप खूप मेहनत’ करणाऱ्यांचा म्हटल्यावर हा फरक दिसला नाही. म्हणून ‘किती हुशार आहेस’ यापेक्षा ‘हे कसं शोधलंस?’ असं विचारा.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचीही आपण फक्त नकाराची गोष्ट सांगतो: 1933 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत. ती सांगायलाच हवी. पण केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत त्यांना सायटोक्रोम सी हे पेशीला ऊर्जा मिळवायला मदत करणारं प्रथिन सापडलं, तेही सांगा. मुलीला त्या शोधातली मजा कळू द्या.

आणि आवडतं पुस्तक हातातून काढून घेऊ नका. शेजारी बसून वाचा, चूक कोण करतं, भुयारात कोण जातं ते विचारा, आणि खटकलेला प्रसंग तिलाच पुन्हा रचू द्या.